करडीचं तेल आणि मायची चक्कर

आमच्या घरची न्हाणी बघायला माणसं येतात. हसू नका, खरंच येतात. पाथरीत कुणाची म्हातारी पडली, कुणाच्या वडिलांचा खुबा मोडला, की कुणीतरी सांगतंच, "त्या कंडक्टरच्या घरी जाऊन या. त्यानं मायसाठी घर कसं करून घेतलंय ते बघा." मग ते येतात, भिंतीचा दांडा हलवून बघतात, फरशीवर अनवाणी पाय घासून बघतात, आणि निघताना म्हणतात, "मास्तर, लय सेवा केली तुमी मायची."

माझी मान खाली जाते. लोकांना वाटतं, विनय आहे. विनय कसला डोंबलाचा! ज्या पडण्यापायी हे सगळं करावं लागलं, ते पडणं माझ्या हातचं होतं. ते लपवायला मी जे बोललो, ते तर त्याहून वाईट. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांच्या उपयोगी पडेल.

बरणी

मी एस.टी.च्या लाल डब्यातला कंडक्टर. आमच्यात ड्रायव्हर लोक कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून गावही म्हणतं. घरात माय, बायको कमल आणि मुलगी उषा. वडील मी लहान असतानाच गेले. मायनं लोकांचा कापूस वेचून मला दहावी केलं. तिचं सगळं आयुष्य मातीच्या जमिनीवर गेलं. दर सोमवारी ती घर सारवायची, साठी उलटल्यावरसुद्धा.

उषाला बघायला पाहुणे येणार ठरलं आणि माझ्या डोक्यात शहाबादी फरशीचं खूळ शिरलं. माय म्हणाली, "शिवा, माझ्या खाटंपासून न्हाणीपोत्तर तेवढी माती ऱ्हाऊ दे रे. पायाला वळख हाय तिची."

मी म्हणालो, "निम्म्या घराला फरशी आन् निम्म्याला शेण? पाहुणे हसतील माय."

तिची बोलायची पद्धतच तशी, एकदा सांगायचं आणि सोडून द्यायचं.

ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. कधी ह्यांचा बंद, कधी त्यांचा. गाड्या कधी सुटतील आणि कधी डेपोतच उभ्या राहतील, काही नेम नव्हता. पाहुणे रविवारी येणार आणि शनिवारी बंद पुकारला. मी घरी बसून. रोज शंभर माणसांवर ओरडणाऱ्या माणसाला घरात काय करमणार? नवी फरशी मला पांढुरकी दिसायला लागली. आमच्याकडं शहाबादी फरशी काळीभोर दिसावी म्हणून तिच्यावर तेलाचा बोळा फिरवतात. शहाणा माणूस चार थेंब घेतो, कोरड्या फडक्यानं घासून घासून पुसून काढतो आणि दोन दिवस तिच्यावर कुणाला पाय ठेवू देत नाही. मी करडीच्या तेलाची निम्मी बरणी रिकामी केली.

कमल स्वयंपाकघरातून आली आणि दारातच थांबली. "अहो, हे काय करायलाव? माय पडंल की!"

"न्हाई पडत. सकाळपोत्तर मुरतंय सगळं."

संध्याकाळी माय भिंतीला धरून गेली. "शिवा, पायाला कसंतरीच लागायलंय."

"नवी हाय ना, होईल सवय," मी म्हणालो. फरशी इतकी चमकत होती की तिच्यात वरचा बल्ब दिसत होता. मी खूश होतो.

आम्ही शंकराचे भक्त. मायच्या गळ्यात लिंग असतं. पहाटे उठून अंघोळ करायची, मग लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि त्यानंतरच चहाचा घोट. रविवारी ती न्हाणीतून ओल्या पायांनी आली. उंबरा ओलांडून पहिलं पाऊल टाकलं आणि धप्प असा आवाज झाला. मी धावलो तर ती एका कुशीवर पडलेली, हातात विभूतीची डबी तशीच घट्ट. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला. तिच्या लुगड्याला, हाताला, केसांना, सगळीकडं तेल.

कशी पडली?

गाड्या अजून सुरळीत झाल्या नव्हत्या. दाराच्या फळीवर तिला झोपवून खाजगी जीपनं परभणीला नेलं. मानवतपर्यंतच्या रस्त्यावर एकेक खड्डा मी आयुष्यभर तिकिटं फाडत ओलांडला होता. त्या दिवशी प्रत्येक खड्डा मायच्या तोंडातून बाहेर पडत होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय बघितला, फोटो काढला. खुबा मोडला होता. मग त्यांनी कागद पुढं ओढला आणि विचारलं, "कशी पडली?"

साधा प्रश्न होता. उत्तर चार शब्दांचं होतं. माझ्या तोंडातून निघालं, "चक्कर आली, साहेब."

का निघालं? विचार करून बोललो असं म्हणता येणार नाही. बाहेर जीपमधून आलेले शेजारी उभे होते. गावभर होईल, पाहुण्यांच्या कानावर जाईल, असलं काहीतरी डोक्यात असावं. खरं सांगायचं तर लाज वाटली, दुसरं काही नाही. माय स्ट्रेचरवर होती. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. तिनं डोळे मिटून घेतले.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं. मग म्हणाले, "चक्कर आली म्हणता, तर आधी तिचं कारण बघावं लागेल. एकदम भूल देता येणार नाही." झालं. रक्त, लघवी, बी.पी., हृदयाची पट्टी. मोठ्या डॉक्टरांची वाट. ऑपरेशन चार दिवस पुढं गेलं. चार दिवस माय पायाला वजन बांधून उताणी पडून होती. कूस बदलता येत नव्हती. सुई टोचायला आले की हात पुढं करायची.

डॉक्टरांचं टेबल वॉर्डाच्या दाराशी होतं. मायच्या खाटेपासून वीस पावलं. मी मोजली होती. चार दिवसांत मी त्या टेबलापर्यंत किती वेळा गेलो असेन, औषधाची चिठ्ठी घ्यायला, सही करायला. सांगितलं नाही.

वॉर्डातले दिवस

सकाळी पाचला झाडूचा आवाज, सहाला थर्मामीटर, मग चहावाला. मी बाकाखाली चादर टाकून झोपायचो. शेजारच्या खाटेवर पिंगळीचे एक आजोबा होते, त्यांची सून रोज सकाळच्या रेल्वेनं ज्वारीच्या भाकरी आणि पिठलं घेऊन यायची. तिसऱ्या दिवसापासून ती आमच्यासाठीही दोन भाकरी जास्त टाकायला लागली. न मागता. असली माणसं भेटतात म्हणून दवाखान्यात दिवस निघतात.

पण तीच बाई मी मायचे पाय पुसताना बघून सासऱ्याला म्हणाली, "बगा मामंजी, लेक असावा तर असा." मी दुसरा पाय पुसायला घेतला.

ऑपरेशन झालं. आत स्टीलची पट्टी बसवली. तीन आठवड्यांनी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "हाड जुळेल. पण चक्कर येणारं माणूस आहे. पुन्हा पडली तर अवघड. दोन महिने एकटीला उठू द्यायचं नाही. सगळं जागेवर करायचं."

सगळं जागेवर.

धने-साखरेचं पाणी

घरी आलो तेव्हा फरशी कोरडी ठणठणीत होती. कमलनं सोडा टाकून गरम पाण्यानं तीनदा धुतली होती. तिनं मला काही विचारलं नाही, मीही काही बोललो नाही.

गाव भेटायला आलं. मायला चक्कर येते म्हटल्यावर प्रत्येकाकडं औषध. कुणी म्हणे धने-साखरेचं पाणी, कुणी आवळ्याचा रस, कुणी उशाला कांदा ठेवा. वालूरहून मावशी आली, ती तर कसलंसं मुळीचं चाटणच घेऊन आली. माय सगळं गुमान घ्यायची. जो आजार तिला कधी झालाच नाही त्याची औषधं ती माझ्या देखत पीत होती, आणि मी वाटी धरत होतो.

तिला उठू देत नव्हतो. बसली तरी कमल धावायची, "माय, चक्कर येईल!" भांडं खाटेवर, अंग पुसणं खाटेवर. आयुष्यभर पहाटे स्वतःच्या हातानं अंघोळ केलेली बाई. लिंगपूजा तिनं बंद केली. मी म्हणालो, "अंग पुसलंय की कमलनं, चालतं." ती म्हणाली, "तुला चालत आसंल."

एकदाच तिनं मागितलं. "शिवा, मला माझ्या पायानं न्हाणीत जायचंय. एकदा. मग मेले तरी चालतंय."

मी म्हणालो, "डॉक्टर नको म्हणालेत."

दुसऱ्या महिन्यात तिला थंडी-ताप आला. लघवीला आग. गावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि विचारलं, "पाणी किती पिते ही?" कमलनं तांब्या उचलून दाखवला. सकाळी भरलेला तसाच होता. डॉक्टर गेल्यावर कमलनं विचारलं, "माय, पाणी कामून पीत न्हाईस?"

माय म्हणाली, "पिलं की भांडं लागतंय. भांडं लागलं की तुला उठावं लागतंय. तुझी कंबर मोडायली पोरी."

कमल बाहेर आली. मी अंगणात ड्युटीचे बूट घालत होतो. ती हळू आवाजात बोलली, पण कमलचा हळू आवाज मोठ्यापेक्षा वाईट.

"म्या सोड्यानं धुतलं तर तेल निघालं. तुमच्या तोंडातलं खोटं निघंना का? ती पाणी सोडून मरायली आन् तुमी धने भिजू घालायलाव. माझी कंबर जाऊ द्या. पण ती बाई चालणारी हाय, आन् तुमी तिला निजवून ठेवलंय."

मी म्हणालो, "तू तरी कुठं बोललीस?"

"व्हय, न्हाई बोलले," ती म्हणाली. "नवऱ्याची अब्रू म्हणून गप बसले. ते पाप माझं. आता तुमचं तुमी बगा."

त्या दिवशी मी तीन जणांना चुकीची तिकिटं दिली.

चार शब्द

फोटो काढायला मायला परत परभणीला नेलं. डॉक्टर फोटो उजेडाकडं धरून खूश झाले. "छान जुळलंय. आता फक्त त्या चक्करचं..."

"साहेब," मी म्हणालो, "चक्कर नव्हती."

त्यांनी मान वर केली.

"मी तेल लावलं होतं. फरशीला. चमकावी म्हणून. ती घसरली."

चाकाच्या खुर्चीत माय बसलेली होती, कमल मागं उभी. डॉक्टरांनी जुना कागद काढला, त्यावरची ओळ खोडली आणि असे बोलले की शेजारच्या खोलीतला माणूस डोकावून गेला. "चार दिवस मी ह्यांना विनाकारण ताटकळत ठेवलं, कळतंय का तुम्हाला? महिन्याभरापूर्वीच ह्यांना उभं केलं असतं! पायातली ताकद गेली ना सगळी!" मी ऐकून घेतलं. ऐकण्यासारखंच होतं. शेवटी ते शांत झाले. "उद्यापासून वॉकर धरून उभं करा. पण आधी घर बघा. त्याच घरात परत पडणार असतील तर माझ्याकडं आणू नका."

परतीच्या जीपमध्ये माय बराच वेळ बाहेरचा कापूस बघत होती. मग म्हणाली, "तेलाचा वास मला पडल्या पडल्याच आला होता. करडीचा वास मला कळत न्हाई व्हय?"

"मग बोलली कामून न्हाईस, माय?"

"चार माणसांत तुला खोटं पाडू? पोटचा तू." थोडं थांबून ती म्हणाली, "मला वाटायचं, आज सांगशील. उद्या सांगशील. लय दिवस वाट बघितली रे."

एवढंच. माफ केलं म्हणाली नाही, नाही केलं असंही म्हणाली नाही.

घर

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि मायच्या खाटेवर आडवा झालो. एक पाय जायबंदी आहे असं धरून न्हाणीपर्यंत जायचं ठरवलं. अकरा पावलांचं अंतर. तेवढ्यात चार ठिकाणी माझाच तोल गेला. खाट एवढी खाली की उठताना गुडघे हनुवटीला. उंबरा वीतभर. फरशी ओली झाली की गुळगुळीत. आणि धरायला कुठं काही नाही, नुसती भिंत. तुमच्या घरी म्हातारं माणूस असेल तर कुणाचा सल्ला घेण्याआधी हे एकदा करून बघा. लाज वाटेल, पण सगळं कळेल.

खाटेच्या पायांखाली विटा लावल्या. उंबऱ्याला गवंडी हात लावेना, "मास्तर, लक्ष्मी बसती त्याच्यावर." माय खाटेवरून म्हणाली, "लक्ष्मीला आतनं खुर्ची देते मी. तू काप." कापला.

फरशीचं काय करावं सुचेना. पोतं टाकलं तर पायात गुंडाळतं. तेवढ्यात गल्लीत हाक आली, "टाकी लावायची का, पाट्याला, जात्याला?" मी धावत गेलो. दगडाला छिन्नीनं टोचे पाडून खरबरीत करणाऱ्या त्या टाकीवाल्या बाईला घरात आणलं आणि म्हणालो, "ह्या खाटेपासून त्या न्हाणीपर्यंत फरशीला टाकी लाव."

तिनं माझ्याकडं बघितलं, फरशीकडं बघितलं. "मास्तर, फरशीवर काय मिरची वाटायची हाय का?"

माय हसली. पडल्यापासून पहिल्यांदा.

दोन दिवस छिन्नी-हातोडीची टकटक चालली. ज्या फरशीत बल्ब दिसत होता तिच्यावर बारीक बारीक खड्डे पडत गेले. गल्लीतली माणसं येऊन कपाळावर हात मारून गेली. मला प्रत्येक टोल्याला बरं वाटत होतं. काम झाल्यावर मायनं खाटेवर बसूनच पाय खाली टेकवला, घासून बघितला. "हं. आता वळख लागायली."

मग दांडा. डेपोत वेल्डिंगचं काम करणारे करीमभाई भंगारातला पाइप घेऊन आले. माझं सगळं ऐकून म्हणाले, "क्या मास्तर, दुनियाकू बोलते दांडा पकडो, दांडा पकडो. अपनी अम्माकू घरमें एक दांडा नै?" वीस वर्षं मी परक्या म्हाताऱ्यांना उतरताना "दांडा धरा, आजी" म्हणून ओरडलो होतो. करीमभाईंनी खाटेपासून न्हाणीच्या आतपर्यंत भिंतीला दांडा ठोकला. उंची मी माझ्या कमरेनं सांगत होतो, त्यांनी मला बाजूला केलं आणि मायचा हात धरून खूण केली. हे विसरू नका. माप त्यांचं घ्यायचं, आपलं नाही.

न्हाणीत बसायला दगडी ओटा बांधला, पाण्याचं घंगाळ हाताशी येईल असं उंच ठेवलं. आतली कडी काढली आणि दार बाहेर उघडेल असं फिरवलं, म्हणजे आत पडलं तर दार अडत नाही. मायला कडी नसणं आवडलं नाही. "कुणीबी यील." मग करीमभाईंनी एका जुन्या गाडीची घंटा आणली आणि दोरी न्हाणीच्या आतून बांधली. मी मायला शिकवलं, "एक बेल म्हणजे थांबा, आमी येतो. दोन बेल म्हणजे जाऊ द्या, समदं ठीक."

"एवढ्या वर्षांत मला फुकट बसवलं न्हाईस कधी गाडीत," माय म्हणाली, "आन् आता बेल द्यायला लावायलास."

बेल

महिनाभर ती वॉकर धरून उभी राहायची, बसायची, रडायची, शिव्याही द्यायची. पायातली गेलेली ताकद सगळी आली नाही. थोडी लंगडते, ते लंगडणं माझ्या वाट्याचं. त्या रविवारच्या पाहुण्यांचं राहूनच गेलं, उषाचं लग्न पुढं दुसरीकडं जमलं. जावई घरी आले तेव्हा त्यांना टाकी लावलेली फरशी दिसली, आणि त्यांनी फक्त एवढंच विचारलं की आजी कशा आहेत.

एका पहाटे माय म्हणाली, "आज कुणी हात लावू नगा." विटांवरच्या खाटेवरून उठली. दांडा धरून अकरा पावलं गेली. कमल पदर मुठीत धरून उभी, मी तिच्या मागं. न्हाणीचं दार लागलं. आतून पाण्याचा आवाज यायला लागला. त्या दिवशी तिनं पुन्हा लिंगपूजा केली.

तेव्हापासून रोज पहाटे मी न्हाणीच्या बाहेर उभा असतो. ती दोन बेल देते, मग मी ड्युटीवर जातो. तोंडावर बोलायचं धाडस मला कधी झालं नाही. एकदा मात्र दाराला तोंड लावून विचारलं. कमल झोपेत होती, आत पाणी चालू होतं, तिला ऐकू गेलं नसतं तरी मला चाललं असतं.

"माय, मला माफ केलंस का गं?"

पाण्याचा आवाज थांबला.

टिंग.

एक बेल. थांबा. आत ती पडली, का हेच तिचं उत्तर, काही कळेना. हात दाराला गेला, पण ओढायचा धीर होईना. किती वेळ तसा उभा होतो, सांगता येत नाही.

टिंग.

दुसरी बेल. पाणी पुन्हा सुरू झालं. मी डबा उचलला आणि ड्युटीवर निघालो.